स्वतःचे मनगट बोटांनी ओळखण्याची रीत

मनगट दाखवा असे म्हटले की बहुतेक माणसे घड्याळाच्या पट्ट्याच्या जागी बोट ठेवतात. तो पट्टा बसलेला असतो कोपराकडून आलेल्या दोन लांब हाडांच्या टोकांवर; मनगटाचा सांधा त्याच्या पुढे, तळहाताच्या बाजूला असतो. अंतर बोटभराचेच आहे, पण दुखणे नेमके कुठे आहे हे सांगताना, पट्टी कुठे बांधायची हे ठरवताना किंवा परीक्षेत हाड दाखवताना याच बोटभर अंतराने घोटाळा होतो.

नागपुरात फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी शरीररचना शिकवते. भंडारा, गोंदिया, वर्धा, यवतमाळकडून आलेली ही मुले मनगटातील आठ हाडांची नावे आठवडाभरात पाठ करतात आणि घडाघडा म्हणून दाखवतात. त्यांपैकी एखादे हाड स्वतःच्या हातावर दाखव म्हटले की मात्र बोट अडखळते. म्हणून मनगटाचा पाठ मी पुस्तकाने सुरू करत नाही. आधी हात, मग नाव आणि सर्वांत शेवटी चित्र, असा क्रम ठेवते. तोच क्रम येथे लिहून काढला आहे. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या वाचकालाही तो पुरा करता येईल. घाई न करता केल्यास तासभर लागतो.

साहित्य फारसे नको. धुतल्यावर निघणारा स्केचपेन, मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि खिडकीजवळचे टेबल एवढे पुरे. घड्याळ, बांगड्या, कडे, मनगटावरचा दोरा काढून ठेवावा. उजवखोऱ्या माणसाने डावे मनगट तपासायला घ्यावे, म्हणजे शोधणारा हात सराईत राहतो. नागपूरच्या मे महिन्यात हा अभ्यास दुपारी करू नये. घामाने खुणा पुसल्या जातात आणि बोट हाडाच्या कडेवरून घसरते. सुजलेल्या किंवा नुकताच मार लागलेल्या मनगटावर यातले काहीही करू नये.

दोन लांब हाडे

डावा हात टेबलावर पालथा ठेवावा. करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या जरा मागे, वर आलेला गोल उंचवटा दिसतो. हे अल्ना या हाडाचे टोक. त्यावर एक टिंब काढावे. आता अंगठ्याच्या बाजूने, कोपराकडून पंजाकडे, हाडाच्या कडेवरून बोट हळूहळू पुढे आणावे. कड संपते तेथे हाडाचे निमुळते टोक लागते आणि त्यापुढे बोट मऊ खळग्यात उतरते. हे रेडियस या हाडाचे टोक. तेथे दुसरे टिंब काढावे. अल्नाच्या बाजूलाही असेच, उंचवट्याच्या मागच्या अंगाला, एक लहान टोक सापडते. तिसरे टिंब तेथे.

आता दोन्ही टोकांची तुलना करावी. अंगठ्याकडचे टोक करंगळीकडच्या टोकापेक्षा साधारण एक सेंटीमीटर पुढे आलेले असते. हा एक सेंटीमीटर लक्षात ठेवण्याजोगा आहे. पंजा अंगठ्याच्या बाजूला कमी आणि करंगळीच्या बाजूला जास्त का झुकतो, याचे बरेचसे उत्तर त्यात आहे: अंगठ्याकडे झुकताना पंजाची हाडे या पुढे आलेल्या टोकाजवळ अडतात, करंगळीकडे मात्र मोकळी जागा असते. हात टेकून पडलेल्या माणसाच्या रेडियसचे टोक मोडून मागे सरकले, की ही दोन्ही टिंबे जवळजवळ एका पातळीत येतात. अब्राहम कॉलिस या आयरिश शल्यविशारदाने या अस्थिभंगाचे वर्णन 1814 साली लिहिले. क्ष-किरणांचा शोध लागला 1895 साली, म्हणजे त्या वेळी निदानासाठी डोळे आणि बोटे हीच साधने होती. बोटांवर भरवसा ठेवायला विद्यार्थ्यांना मी याच कारणाने सांगते.

अल्ना मनगटाच्या हाडांना थेट भिडत नाही. तिच्या टोकावर त्रिकोणी आकाराची कूर्चेची, म्हणजे मऊ लवचीक हाडाची, चकती असते आणि पंजाची हाडे त्या चकतीला लागतात. हात टेकून उठताना पंजावर येणारा भार कोपराकडे जातो, त्यातला अंदाजे 80 टक्के रेडियसमधून आणि 20 टक्के या चकतीमार्गे अल्नामधून. अल्नाचे लहान टोक आणि तळहाताच्या बाजूने करंगळीकडे जाणारी जाड दोरी यांच्यामध्ये एक मऊ खाच आहे. तेथे नखभर जागेवर दाबून पाहावे. निरोगी मनगटात फक्त दाब जाणवतो. खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठताना ज्यांच्या मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला कळ येते, त्यांना बहुधा नेमके येथेच दुखते.

आता कोपर कमरेला चिकटवून काटकोनात वाकवावा आणि पंजा पालथ्याचा उताणा, उताण्याचा पालथा करावा. कुलपात चावी फिरवताना होते तीच ही हालचाल. दुसऱ्या हाताचे बोट अल्नाच्या उंचवट्यावर ठेवून ती केली, तर कळते की अल्ना जवळपास जागीच राहते आणि रेडियस पंजाला सोबत घेऊन तिच्याभोवती फिरते. म्हणून चावी फिरवणे हे मनगटाचे काम नव्हे. ते या दोन लांब हाडांमधील सांध्यांचे काम आहे, एक सांधा कोपराजवळ आणि दुसरा मनगटाच्या अलीकडे. मनगट दुखते म्हणून आलेल्या माणसाला मी पहिल्यांदा हेच करून दाखवायला सांगते: वाकवताना दुखते की फिरवताना? या एका प्रश्नाने पुढची निम्मी तपासणी वाचते.

आठ हाडे, आणि त्यांपैकी हाती लागणारी

हात आता उताणा ठेवावा. मनगटावर दोन, कधी तीन आडव्या रेषा दिसतात. कोपराकडची रेषा साधारणपणे लांब हाडे आणि मनगटाची हाडे यांच्यातील सांध्यावर येते, तर तळहाताला लागून असलेली रेषा मनगटाच्या हाडांच्या पहिल्या रांगेवर. पुढचा सारा शोध या तळहाताकडच्या रेषेवरून करायचा आहे.

रेषेच्या करंगळीकडच्या टोकाला बोट दाबले की वाटाण्याएवढे गोल हाड लागते. हे पिसिफॉर्म, त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच वाटाण्याच्या आकाराचे असा आहे. पंजा किंचित पुढे वाकवून सैल सोडावा आणि चिमटीत धरून हा वाटाणा डावी-उजवीकडे हलवून पाहावा. तो सहज सरकतो. मग पंजा मागे ताणावा. वाटाणा घट्ट बसतो. याचे कारण असे की हे हाड एका स्नायूच्या कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत, बसलेले आहे आणि कंडरा ताणली गेली की तेही जखडले जाते. गुडघ्याच्या वाटीचे तेच तत्त्व, आकार मात्र फार लहान.

रेषेच्या अंगठ्याकडच्या टोकाला, अंगठ्याच्या फुगीर भागाच्या पायथ्याशी, दुसरा लहान उंचवटा आहे. तो स्कॅफॉइड या हाडाचा. आता उजव्या हाताच्या अंगठ्याचे पेर वाटाण्यावर ठेवावे आणि त्याचे टोक डाव्या हाताच्या अंगठा व तर्जनी यांच्यातल्या बेचक्याकडे रोखावे. टोक जेथे पडते तेथे खोल दाबले की एक टणक गाठ लागते आणि बारीकशी कळ येते. हा हॅमेट या हाडाचा आकडा. त्याच्याजवळून करंगळीकडे जाणारी नस (मज्जातंतू) जाते, म्हणून येथे फार वेळ दाबू नये.

एवढे झाल्यावर नावे घ्यावीत. पहिल्या रांगेत अंगठ्याकडून करंगळीकडे स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम आणि ट्रायक्वेट्रमच्या पुढ्यात बसलेले पिसिफॉर्म. दुसऱ्या रांगेत त्याच दिशेने ट्रॅपिझियम, ट्रॅपिझॉइड, कॅपिटेट आणि हॅमेट. यांत कॅपिटेट सर्वांत मोठे, मधल्या बोटाच्या रेषेत मधोमध. हात पालथा करून मधल्या बोटाच्या मागच्या लांब हाडावरून मनगटाकडे बोट आणले, तर ते हाड संपताच बोट एका खळग्यात बसते. त्या खळग्याच्या तळाशी कॅपिटेट आहे. बोट तेथेच ठेवून पंजा पुढे वाकवला की खळगा भरून येतो आणि त्याच्या मागे, रेडियसला लागून, ल्युनेट वर येते. ट्रॅपिझॉइड बोटाने वेगळे ओळखणे अवघड आहे. ते सोडून दिले तरी चालेल.

आता या सबंध अभ्यासातला मला सर्वांत आवडणारा भाग. पहिल्या रांगेतील तीन मुख्य हाडांना कोणत्याही स्नायूची कंडरा जोडलेली नाही. अग्रबाहूतील, म्हणजे कोपर ते मनगट या भागातील, स्नायू या रांगेवरून पुढे जातात आणि पलीकडच्या हाडांना ओढतात. ही पहिली रांग लांब हाडे आणि दुसरी रांग यांच्यामध्ये, केवळ हाडाला हाडाशी बांधणाऱ्या अस्थिबंधांनी सांभाळलेली, ढकलली जाईल तशी हलते. हे वाचून पटत नाही, बोटाला पटते. उजव्या हाताच्या अंगठ्याचे टोक डाव्या स्कॅफॉइडच्या उंचवट्यावर ठेवावे आणि पंजा हळूहळू अंगठ्याकडे झुकवावा. उंचवटा बोटाला खालून ढुशी दिल्यासारखा वर येतो. पंजा करंगळीकडे झुकवला की तो आत दडतो. झुकवण्याचे काम बाजूला चालू असताना हे हाड स्वतः पुढे-मागे कलंडत असते, कारण अंगठ्याकडची जागा अरुंद झाली की उभे राहायला वाव उरत नाही आणि त्याला आडवे व्हावे लागते. पाच-सहा वेळा सावकाश करून पाहावे. वर्गात ज्या क्षणी मुलांना ही ढुशी लागते, त्या क्षणी सगळ्या बाकांवरून एकदम आवाज उठतो, आणि मनगट म्हणजे दाराची बिजागरी अशी जी कल्पना घेऊन मुले येतात ती तेथेच सुटते.

हालचाली मोजणे

मनगटाच्या मूळ हालचाली चार: पंजा पुढे वाकवणे, मागे ताणणे, अंगठ्याकडे झुकवणे आणि करंगळीकडे झुकवणे. या चारही ओळीने केल्या की पंजा गोल फिरतो; ती पाचवी हालचाल वेगळी धरण्याचे कारण नाही.

मोजण्यासाठी अग्रबाहू टेबलावर पालथा ठेवून पंजा कडेबाहेर सोडावा. बोटे सैल असावीत. मूठ आवळून मनगट पुढे वाकवले, तर बोटांच्या मागच्या कंडरा आधीच ताणलेल्या असल्यामुळे कोन कमी येतो. ही चूक बहुतेक नवशिके करतात. कोनमापकाचा मध्य करंगळीच्या बाजूने, अल्नाच्या टोकाच्या किंचित पुढे धरावा, तळरेषा अल्नाच्या रेषेत ठेवावी आणि करंगळीमागच्या लांब हाडाची रेषा कोठे येते ते वाचावे. एकट्याने हे जमत नाही. कोनमापक दुसऱ्याने धरावा. निरोगी प्रौढ माणसाचे मनगट पुढे सुमारे 80 अंश आणि मागे सुमारे 70 अंश जाते. झुकण्याचे कोन मोजताना तळहात टेबलावर सपाट ठेवावा, कोनमापकाचा मध्य कॅपिटेटच्या खळग्यावर आणि वाचनाची रेषा मधल्या बोटामागच्या हाडावर धरावी. अंगठ्याकडे सुमारे 20 अंश, करंगळीकडे 30 ते 35 अंश येतात. माणसामाणसांत दहा-पंधरा अंशांचा फरक असतो, म्हणून पुस्तकातल्या आकड्यापेक्षा त्याच माणसाच्या दुसऱ्या हाताशी तुलना करणे अधिक खरे. रोजची बहुतेक कामे पुढे 40 आणि मागे 40 अंशांत भागतात. त्यामुळे थोडे आखडलेले मनगट बरेच दिवस लक्षातही येत नाही.

प्रत्यक्षात माणूस या चारांपैकी कोणतीही एक हालचाल शुद्ध रूपात क्वचितच करतो. हातोडी मारताना पाहावे: हातोडी उचलताना मनगट मागे आणि अंगठ्याकडे जाते, मारताना पुढे आणि करंगळीकडे येते. ही तिरकी रेषा मनगटाची सर्वांत स्वाभाविक वाट आहे. तिच्यात पहिली रांग जवळपास स्थिर राहते आणि बहुतेक हालचाल दोन रांगांमधल्या सांध्यात होते. संक्रांतीच्या दिवसांत नागपूरच्या गच्च्यांवर पतंगाला हलके झटके देणाऱ्या हातांकडे मी हीच तिरकी रेषा शोधत पाहते.

लंबी रोटी करणाऱ्या बाईचे हात पाहणे हा तर स्वतंत्र पाठ आहे. आमच्याकडे कार्यप्रसंगी या रोट्या होतात. सैल, तार सुटेपर्यंत आपटून मळलेल्या कणकेचा गोळा ती एका तळहातावरून दुसऱ्यावर झेलत हातभर लांबवते आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद टाकते. गोळा तळहातावर पडतो तेव्हा मनगट भाराने मागे जाते. पुढच्या क्षणी ते पुढे येऊन गोळा सोडते. रोटी रुंद होत गेली की हेच काम पंजापासून अग्रबाहूपर्यंत पसरते. एका लग्नघरी मी चुलीशेजारी बसून हे निरखत होते. रोटी टाकून झाल्यावर तिने सवयीने दोन्ही पंजे सैल लोंबू देऊन दोनदा झटकले आणि मगच पुढचा गोळा उचलला. ताणलेल्या स्नायूंना सैल सोडण्याची ही युक्ती तिला कोणी शिकवली नव्हती. दिवसभर एकच हालचाल करणाऱ्या प्रत्येकाने ती उचलावी असे मला मनापासून वाटते.

तळहाताकडची बाजू: दोऱ्या, नाडी आणि बोगदा

हात उताणा ठेवून अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवावीत आणि मनगट थोडे पुढे वाकवावे. मधोमध एक दोरी त्वचेखाली उठून दिसते. ही पामॅरिस लाँगस या स्नायूची कंडरा. काही जणांच्या हातात ती नसतेच, कधी एका बाजूला नसते, आणि तिच्या नसण्याने पकडीत जाणवण्याजोगी उणीव येत नाही. म्हणूनच दुसरीकडची तुटलेली कंडरा जोडायला शल्यविशारद पुष्कळदा हिचाच तुकडा घेतात. वर्गात मी सगळ्यांना एकदम हात वर करायला सांगते, आणि कोणाच्या ना कोणाच्या हातात ती सापडत नाही.

मधल्या दोरीच्या अंगठ्याकडे दुसरी, जाड दोरी आहे. तिच्याही पलीकडे, रेडियसवर तीन बोटे टेकवली की नाडी लागते. वैद्य नाडी पाहतात ती हीच जागा, आणि ती येथे स्पष्ट लागते कारण धमनीच्या मागे टणक हाड आहे व पुढे जवळपास केवळ त्वचा. संस्कृतात मनगटाला मणिबंध म्हणतात, मणी बांधण्याची जागा. सुश्रुताने सांगितलेल्या 107 मर्मांमध्ये मणिबंध येतो, आणि तेथे इजा झाली की हात कामाला निकामी होतो असे तो नोंदवतो.

आता मघाशी शोधलेले तीन उंचवटे, म्हणजे वाटाणा, स्कॅफॉइडचा उंचवटा आणि हॅमेटचा आकडा, पेनाने पक्के करावेत. चौथा ट्रॅपिझियमचा, स्कॅफॉइडच्या लगेच पुढे. हे चार खांब. आठ हाडे मिळून मागच्या बाजूने कमान करतात आणि या चार खांबांवरून पुढच्या बाजूने एक जाड, न ताणणारा पट्टा आडवा जातो. मधल्या बोगद्यातून बोटे मिटणाऱ्या आठ कंडरा, अंगठ्याची एक आणि मीडियन नावाची एक नस, अशा दहा गोष्टी जातात. पट्टा ताणत नाही, हाडे सरकत नाहीत. त्यामुळे आत थोडीही सूज आली की दाबली जाते ती नस, कारण दहांत तीच सर्वांत नाजूक. मग अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अंगठ्याकडचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात. रात्री जाग येते, हात झटकला की बरे वाटते. करंगळी मात्र सुटते, कारण तिची नस बोगद्याबाहेरून जाते. तळहाताच्या मध्यावरची त्वचाही बहुधा सुटते, कारण तिच्याकडे जाणारी फांदी बोगद्याआधीच वेगळी होऊन पट्ट्यावरून जाते. अनामिकेची एक बाजू बधिर आणि दुसरी शाबूत, हे लक्षण माणसे स्वतः होऊन सांगत नाहीत, विचारावे लागते. गरोदरपणात, मधुमेहात आणि थायरॉइड मंदावल्यावर हा त्रास अधिक दिसतो.

मागची बाजू आणि माझे स्वतःचे मनगट

हात उभा धरून अंगठा ताठ वर ताणावा. अंगठ्याच्या मुळाशी दोन दोऱ्या उठतात आणि त्यांच्यामध्ये त्रिकोणी खळगा पडतो. पाश्चात्य देशांत तपकीर ओढणारे लोक तेथे तपकिरीची चिमूट ठेवत, म्हणून त्याला तपकिरीची डबी म्हणतात. अंगठ्याच्या बाहेरच्या अंगाची दोरी खरे तर दोन कंडरांची आहे. तान्ह्या बाळाला वारंवार उचलणाऱ्या आयांना जेथे दुखते ती हीच जागा. हाताच्या मागच्या अंगाची दोरी कोपराकडे चाचपत नेली, तर रेडियसच्या पाठीवर एक लहान उंचवटा लागतो आणि दोरी त्याला वळसा घालून आलेली असल्याचे कळते. विहिरीवरचा दोर रहाटावरून दिशा बदलतो, तसेच हे.

खळग्याच्या तळाशी बोट दाबावे आणि पंजा करंगळीकडे झुकवावा. बोटाखाली टणक हाड पुढे येते. ते स्कॅफॉइड, मघाचेच, आता दुसऱ्या बाजूने.

या खळग्याविषयी मी जरा जास्त लिहिणार आहे. विद्यार्थिदशेत सेमिनरी हिल्सच्या उतारावर मी सायकलवरून पडले आणि उजवा पंजा टेकला. मनगट फारसे सुजले नाही. ज्या दवाखान्यात गेले तेथे क्ष-किरण चित्र काढले, त्यात काही दिसले नाही, आणि मुरगळले आहे असे सांगून पट्टी बांधून पाठवले. घरी आईने आंबेहळदीचा लेप लावला. आठवड्याभरात मी लिहू लागले. दुखत होते ते केवळ पंजा टेकून उठताना आणि बरणीचे झाकण उघडताना. दीड महिन्याने प्रात्यक्षिकाच्या तासाला आमच्या शिक्षकांनी सर्वांना एकमेकांचा हा खळगा दाबायला सांगितला, आणि मैत्रिणीचे बोट पडताच मी हात मागे ओढला. दुसऱ्या चित्रात स्कॅफॉइडच्या कमरेशी, म्हणजे मधल्या अरुंद भागात, आडवी रेघ होती. त्यानंतर दहा आठवडे प्लास्टर. आजही माझे उजवे मनगट मागे 55 अंश जाते, डावे 70.

असे होते याला कारण आहे. स्कॅफॉइडला रक्त मुख्यतः त्याच्या बोटांकडच्या टोकातून मिळते आणि तेथून ते कोपराकडच्या टोकाकडे उलटे जाते. हाड कमरेशी मोडले की कोपराकडच्या तुकड्याचा पुरवठा तुटू शकतो. मग ते सांधत नाही, कधी तो तुकडा निर्जीव होतो. शिवाय ताजी भेग बारीक असल्यामुळे पहिल्या चित्रात न दिसणे ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणून हात टेकून पडल्यानंतर या खळग्यात दाबून दुखत असेल, तर चित्र स्वच्छ असले तरी अस्थिभंग आहे असे धरून मनगट बांधून ठेवावे, दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा चित्र काढावे आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. पंजा टेकून पडलेल्या प्रत्येकाचा हा खळगा घरच्या कोणीतरी एकदा दाबून पाहावा, एवढी माझी विनंती आहे. लेप त्यानंतर लावता येतो.

पकड मनगटात असते

शेवटचा प्रयोग सोपा आहे. कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरावा आणि बोटे अगदी सैल सोडावीत. मनगट पुढे पडू दिले की बोटे आपोआप उघडतात. मनगट मागे नेले की आपोआप मिटतात. बोटे मिटणारे स्नायू अग्रबाहूत आहेत आणि त्यांच्या कंडरा मनगटावरून जातात, म्हणून मनगट मागे गेले की त्या ताणल्या जाऊन बोटांना ओढतात. मानेच्या खालच्या भागात मज्जारज्जूला इजा होऊन बोटांची शक्ती गेलेल्या काही रुग्णांना केवळ मनगट मागे नेण्याची शक्ती उरते, आणि ते याच युक्तीने पेला किंवा चमचा धरायला शिकतात.

आता मनगट पूर्ण पुढे वाकवून मूठ घट्ट आवळून पाहावी. जमत नाही, बोटांची टोके तळहातात नीट पोहोचतही नाहीत. मग मनगट 20 ते 35 अंश मागे ठेवून तीच मूठ आवळावी. एवढ्या फरकाने पकड पुष्कळ वाढते. ओली सतरंजी पिळताना, कुकरचे झाकण घट्ट लावताना, पाण्याची बादली उचलताना, दुचाकीचा ब्रेक धरताना मनगट पुढे वाकलेले असेल, तर बोटांचे स्नायू दुप्पट राबतात आणि काम निम्मेच होते. ब्रेकची मूठ फार खाली असली की मनगट पुढे वाकवून बोटे टाकावी लागतात. मेकॅनिककडून ती थोडी वर फिरवून घ्यावी, इतकी की पंजा अग्रबाहूच्या सरळ रेषेत राहील. संगणकावर टंकताना मात्र ताकद लागत नाही, म्हणून तेथे मनगट मागे ताणूही नये. कळफलकाच्या मागचे पाय मिटवून तो सपाट ठेवावा आणि मनगट सरळ राहू द्यावे, कारण पुढे किंवा मागे फार वाकवले की बोगद्यातला दाब वाढतो.

हे सगळे स्वतःच्या हातावर दोनदा झाल्यावर निदान पाच निरनिराळ्या मनगटांवर करावे, आणि त्यांत एक लहान मूल व एक वयस्क माणूस असू द्यावे. वयस्क बाईच्या हातावर रेडियस आणि अल्ना यांच्या टोकांची टिंबे आधी काढावीत. ती एका पातळीत आली, तर कधी पडला होता का, असे विचारावे. मुलाच्या हातात वाटाणा बोटाला लागला, तरी तो कूर्चेचा असू शकतो. जन्मतः ही आठही हाडे कूर्चेचीच असतात. पहिल्या काही महिन्यांत कॅपिटेट आणि हॅमेट यांत हाड धरू लागते आणि सर्वांत शेवटी, नवव्या ते बाराव्या वर्षाच्या दरम्यान, पिसिफॉर्ममध्ये. सहा वर्षांच्या मुलाच्या क्ष-किरण चित्रात वाटाणा दिसला नाही, तर चित्र बिघडलेले नाही. त्याची वेळ अजून यायची आहे.